आधी मराठीत विचारा, मग फोन उचला

निफाड तालुक्यातून आलेलं पत्र थोडं आटोपशीर करून देतो आहे.

"सर, सप्रेम नमस्कार. मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्ष निर्यातीची कागदपत्रं बघते. वय ३८. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. ईमेल जमतात, कारण जुना मेल पुढ्यात ठेवून नवा लिहिता येतो. फोन वाजला की मात्र हातपाय गळतात. उत्तरं कशीबशी देते, पण प्रश्न विचारता येत नाही. 'व्हेअर इज द ट्रक' म्हणायचं की 'व्हेअर द ट्रक इज'? दोन्ही ऐकलेलं असतं, म्हणून दोन्हीची भीती वाटते. 'डू' आणि 'डिड' कुठे घालायचे तेही कळत नाही. मागच्या सीझनला नेदरलँड्सच्या खरेदीदाराने विचारलं, 'यू हॅवन्ट सेंट द डॉक्युमेंट्स येट?' मी म्हटलं, 'येस.' तो समजला की पाठवले. दोन दिवस कोणीच काही केलं नाही आणि मग साहेबांची बोलणी मी खाल्ली. दुसऱ्या एका बाईंना पैशांबद्दल 'व्हाय यू डिड नॉट पे?' असं विचारलं, तर त्यांचा आवाजच बदलला. कॉलेज रोडवर एका क्लासमध्ये चौकशी केली. ते म्हणाले, मराठीत विचार करणं आधी बंद करा, इंग्रजीतच विचार करा. या वयात हे जमेल का? घरी सहावीतला मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. तो माझ्या चुका काढतो आणि हसतो. काय करू?"

ताई, नमस्कार.

सगळ्यात महाग पडलेल्या चुकीपासून सुरुवात करू. ती तुमच्या 'येस'ची आहे आणि तिचा व्याकरणाच्या कच्चेपणाशी फारसा संबंध नाही. तुम्ही अस्सल मराठी उत्तर दिलंत. "अजून कागद पाठवले नाहीत?" असं कोणी विचारलं तर आपण म्हणतो, "हो ना, नाही पाठवले." आपला 'हो' समोरच्याच्या वाक्याला असतो: तुम्ही म्हणता ते खरं आहे. जपानी माणूसही असंच उत्तर देतो. इंग्रजी माणूस समोरच्याच्या वाक्याकडे बघतच नाही, तो घडलेल्या गोष्टीकडे बघतो. पाठवले असतील तर 'येस', नसतील तर 'नो'. प्रश्न सरळ विचारलेला असो की नकारार्थी. म्हणून तुम्ही 'येस' म्हणालात तेव्हा त्याच्या कानांनी 'पाठवले' असंच ऐकलं.

यावर एकच उपाय सांगतो, कारण घाईत एकच आठवतो. नकारार्थी प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्यायचं नाही. 'नो, नॉट येट. वी विल सेंड देम टुमॉरो.' पहिला शब्द चुकला तरी पुढच्या वाक्याने तो सावरला जातो. आणि तुम्ही स्वतः प्रश्न विचाराल तेव्हा नकारार्थी विचारूच नका. 'यू डिडन्ट गेट द रिपोर्ट?' असं विचारलंत की समोरच्याच्या 'नो'चा अर्थ लावत बसावं लागतं. 'डिड यू गेट द रिपोर्ट?' विचारा, म्हणजे 'येस' आलं तर मिळाला आणि 'नो' आलं तर नाही मिळाला.

याच जातीचा आणखी एक प्रश्न परदेशी लोक फार वापरतात: 'डू यू माइंड इफ वी लोड ऑन फ्रायडे?' म्हणजे शुक्रवारी लोडिंग केलं तर तुमची हरकत आहे का? इथे आनंदाने 'येस, येस' म्हटलंत तर तुम्ही हरकत नोंदवलीत. चालणार असेल तर 'नो, दॅट्स फाइन.' आपल्याकडेही "हरकत आहे का?" या प्रश्नाला संमती 'नाही'नेच देतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता क्लासवाल्यांच्या सल्ल्याकडे. 'इंग्रजीत विचार करा' हे वाक्य भिंतीवर लावायला छान दिसतं, पण ज्याला इंग्रजी येतं त्यालाच ते जमतं, आणि ज्याला येतं त्याला क्लासची गरज नसते. प्रश्नांच्या बाबतीत तर मी उलटाच सल्ला देईन. आधी मराठीत विचारा. कारण प्रश्नाच्या बाबतीत मराठी जो भेद शब्दांतून स्पष्ट दाखवते, तो इंग्रजी शब्दांच्या जागेवर ढकलते. मराठी वाक्य नीट ऐकलंत तर इंग्रजी शब्द कुठे ठेवायचे हे तेच सांगतं.

तुमचाच ट्रक घेऊ. तो कसारा घाटात अडकलाय आणि तुम्हाला न्हावा शेवा बंदरातल्या वेळेची काळजी आहे. या ट्रकबद्दल तीन वाक्यं मराठीत म्हणून बघा. पहिलं: "ट्रक कुठे आहे?" दुसरं: "ट्रक कुठे आहे ते सांगा." तिसरं: "ट्रक जिथे आहे तिथेच थांबू द्या." पहिल्यात नुसता 'कुठे' आहे. दुसऱ्यात 'कुठे'च्या मागे 'ते' आला. तिसऱ्यात 'कुठे' गेला आणि 'जिथे' आला. इंग्रजीकडे या तिन्हींना मिळून एकच शब्द आहे, 'व्हेअर'. मग फरक दाखवायचा कसा? क्रम बदलून.

"ट्रक कुठे आहे?" – 'व्हेअर इज द ट्रक?'

"ट्रक कुठे आहे ते सांगा." – 'टेल मी व्हेअर द ट्रक इज.'

"ट्रक जिथे आहे तिथेच थांबू द्या." – 'लेट द ट्रक स्टे व्हेअर इट इज.'

बघा, तुम्हाला ज्या दोन वाक्यांची भीती वाटते ती दोन्ही बरोबर आहेत, फक्त त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. 'क'चा शब्द एकटा असेल तर इंग्रजीत उलटापालट होते: 'इज' उडी मारून ट्रकच्या आधी येतो. 'ते' बसत असेल किंवा 'ज'चा शब्द असेल तर उलटापालट नाही, साध्या विधानासारखा सरळ क्रम. (इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीतच लिहितो आहे. तुमचा प्रश्न कानाचा आणि तोंडाचा आहे, स्पेलिंगचा नाही. वाचताना मोठ्याने म्हणा.)

फोनवर हा 'ते' फारच कामाचा आहे, कारण सभ्य इंग्रजी प्रश्न बहुतेक 'ते'वालेच असतात. "जहाज कधी निघालं?" हा थेट प्रश्न: 'व्हेन डिड द व्हेसल लीव्ह?' पण अनोळखी माणसाला आपण विचारतो, "जहाज कधी निघालं ते सांगू शकाल का?" त्याचं होतं, 'कॅन यू टेल मी व्हेन द व्हेसल लेफ्ट?' इथे 'डिड' गायब झाला आणि 'लीव्ह'चा पुन्हा 'लेफ्ट' झाला. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे खरं, पण प्रश्नाचं काम 'कॅन यू'ने आधीच उरकलं. भले भले इंग्रजी माध्यमवाले इथे 'कॅन यू टेल मी व्हेन डिड द व्हेसल लीव्ह' म्हणतात. समजतं सगळ्यांना, पण कानाला खटकतं.

एक अडचण येईल. बोलताना आपण 'ते' गाळतो. पॅकहाउसच्या दारात कोणी म्हणतं, "तुला माहितीये का, गाडी कव्हा निघाली?" यात 'ते' ऐकू येत नाही. म्हणून तो असतो का हे बघायचं नाही, तो बसतो का हे बघायचं. "गाडी कव्हा निघाली ते तुला माहितीये का?" बसला. म्हणजे 'डू यू नो व्हेन द ट्रक लेफ्ट?'

'ज'ची गोष्ट त्याहून सोपी, पण तिथे काळ घसरतो. "कंटेनर पोचेल तेव्हा कळवा" हे खरं तर "जेव्हा पोचेल तेव्हा" असं आहे. म्हणून 'प्लीज इन्फॉर्म अस व्हेन द कंटेनर अराइव्ह्ज.' इथे 'विल' नाही, उलटापालट नाही. "कंटेनर कधी पोचेल?" असं विचारायचं असेल तर 'व्हेन विल द कंटेनर अराइव्ह?' दोन्हीकडे 'व्हेन'च. मराठीत 'जेव्हा' आणि 'कधी' असे वेगळे शब्द असल्यामुळे तुमचा मराठी मेंदू हा गोंधळ कधीच करणार नाही. इंग्रजीत विचार करायला बसलात तरच कराल.

जाता जाता एक गंमत, कामाची नाही पण मला आवडते म्हणून. आपले प्रश्नाचे शब्द जवळजवळ सगळे 'क'चे: कोण, काय, कधी, कुठे, का, किती, कसा. संस्कृतात कः, किम्, कदा, कुत्र. लॅटिनमध्ये क्विस, क्विड. इंग्रजी याच कुळातली, फक्त तिच्या पूर्वजांत तो 'क' घासून 'ह' झाला. अशा बदलांचा नियम जर्मन पंडित जेकब ग्रिम याने १८२२ मध्ये मांडला. जुन्या इंग्रजीत हे शब्द 'ह्व' असेच लिहीत, म्हणजे एच आधी आणि डब्ल्यू मागून. पुढे लेखनिकांनी ती अक्षरं उलटी केली, म्हणून आज शाळेत मुलं 'डब्ल्यू-एच क्वेश्चन' म्हणतात. 'हाऊ'ही त्याच घरातला. तेव्हा 'व्हॉट' आणि 'काय' हे लांबचे का होईना, भाऊबंद आहेत.

आता 'डू'. इंग्रजी प्रश्नाला कर्त्याच्या आधी येऊन उभं राहायला एक मदतनीस क्रियापद लागतं. वाक्यात 'इज', 'आर', 'वॉज', 'विल', 'कॅन', 'हॅव' यांपैकी कोणी आधीच असेल तर तोच पुढे येतो. 'द रिपोर्ट इज रेडी' – 'इज द रिपोर्ट रेडी?' कोणीच नसेल तर बदली कामगार म्हणून 'डू' बोलवायचा. 'दे पॅक ऑन संडे'मध्ये मदतनीस नाही, म्हणून 'डू दे पॅक ऑन संडे?' बदली कामगार आला की काळाचं ओझं त्याच्या डोक्यावर, मूळ क्रियापद मोकळं. म्हणून 'डिड यू सेंट' नाही, 'डिड यू सेंड'. 'डज ही नोज' नाही, 'डज ही नो'. भूतकाळ एकदाच दाखवायचा असतो, दोघांनी मिळून नाही. ही पद्धत इंग्रजीत साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकांत रुळली. त्याआधी तेही 'व्हॉट से यू?' असं आपल्यासारखंच सुटसुटीत विचारत. आपण उशिरा शिकायला घेतली, त्याला इलाज नाही.

पण 'डू' शिकवताना शाळेत एक गोष्ट घाईत उरकली जाते आणि तिथेच माणसं अडखळतात. प्रश्नाचा शब्द हाच कर्ता असेल तर 'डू' लागत नाही. "कोणी फोन केला?" – 'हू कॉल्ड?' "कोणाला फोन केला?" – 'हू डिड यू कॉल?' इंग्रजीत दोन्हीकडे 'हू'. मराठीत 'कोणी' आणि 'कोणाला'. विभक्तीचा प्रत्यय आधीच सांगून मोकळा झालाय. फोन करणारा तोच विचारला जात असेल तर सरळ वाक्य. करणारा दुसराच असेल तर 'डिड'. "काय झालं?" – 'व्हॉट हॅपन्ड?' 'व्हॉट डिड हॅपन' नाही. "कोणता कंटेनर उशिरा पोचला?" – 'विच कंटेनर अराइव्ह्ड लेट?' "तुम्ही कोणता कंटेनर तपासला?" – 'विच कंटेनर डिड यू चेक?' पोचणारा कंटेनर, तपासणारे तुम्ही.

'हू' आणि 'हूम' यावर मात्र वेळ घालवू नका. बोलताना 'हू डिड यू स्पीक टू?' सगळे म्हणतात. 'टू हूम' पत्रात शोभतं, फोनवर थोडं ताठ वाटतं. आणि तो शेवटचा 'टू' विसरू नका. "कोणाशी" मधला 'शी' इंग्रजीत वाक्याच्या शेपटाला जातो. "माल कुठून आला?" – 'व्हेअर डिड इट कम फ्रॉम?' 'फ्रॉम' गाळलात तर उरतं ते चुकीचं इंग्रजी आणि गोंधळलेला ऐकणारा.

तुमच्या 'व्हाय'कडे वळतो. मराठीत 'का' दोन कामं करतो. "तुम्ही पैसे पाठवले का?" यात तो शेवटी आहे आणि अर्थ आहे हो की नाही. "तुम्ही पैसे का पाठवले नाहीत?" यात तो क्रियापदाच्या आधी आहे आणि कारण मागतो. शेवटच्या 'का'ला इंग्रजीत शब्दच नाही. तिथे फक्त उलटापालट: 'हॅव यू सेंट द पेमेंट?' अनेक जण शेवटचा 'का' ऐकूनही 'व्हाय' उच्चारतात, आणि मग "जेवलात का?" चं 'व्हाय यू ईट?' होतं. 'काय'चंही तसंच. "काय, निघाला का माल?" यातला 'काय' म्हणजे 'व्हॉट' नव्हे, ती नुसती हाक आहे. तिचं इंग्रजी करायचंच नाही: 'हॅज द कन्साइनमेंट लेफ्ट?'

तुमचं वाक्य व्याकरणाने 'व्हाय डिडन्ट यू पे?' असं हवं होतं. पण ताई, खरं सांगू? ते बरोबर बोलला असतात तर त्या बाई आणखी दुखावल्या असत्या. चुकीचं इंग्रजी ऐकून माणूस निदान सवलत देतो. माणसाला उद्देशून 'व्हाय' विचारलं की तो जाब वाटतो. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? पिंपळगावचा जुना व्यापारी उधारी मागताना "का दिले नाहीत?" असं कधी विचारतो का? तो म्हणतो, "मग, जमलं का काही?" किंवा "कधीपर्यंत धरू?" तोच शहाणपणा इंग्रजीत न्यायचा. आधी वस्तुस्थिती सांगा, मग 'का' सोडून 'कधी' विचारा, आणि तोही 'ते' लावून: 'वी हॅवन्ट रिसीव्ह्ड द पेमेंट येट. कुड यू टेल मी व्हेन वी कॅन एक्स्पेक्ट इट?' पैसे कधी येतील ते सांगाल का. यात कोणावर बोट नाही, आणि उत्तर म्हणून तुम्हाला कारणापेक्षा कामाची गोष्ट मिळते: तारीख.

वस्तूबद्दल 'व्हाय' विचारायला हरकत नाही. 'व्हाय इज द व्हेसल डिलेड?' जहाजाला राग येत नाही. लाल समुद्राचा रस्ता टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागल्यापासून हा प्रश्न तुम्हाला अनेकदा विचारावा लागला असेल.

'किती'चा घोळ तुमच्या धंद्यात रोजचा आहे, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. पुस्तक सांगतं, मोजता येईल तिथे 'हाऊ मेनी', न मोजता येईल तिथे 'हाऊ मच'. ठीक. 'हाऊ मेनी बॉक्सेस', 'हाऊ मच वॉटर'. पण तुमच्या फोनवरचे निम्मे 'किती' या दोन्हींत बसत नाहीत. "ब्रिक्स किती आहे?" – 'व्हॉट इज द ब्रिक्स?' (ब्रिक्स म्हणजे द्राक्षाच्या रसातल्या साखरेचं माप.) "कोल्ड स्टोरेजचं तापमान किती?" – 'व्हॉट इज द टेम्परेचर?' "भाव किती?" – 'व्हॉट इज द प्राइस?' ब्रिक्स, तापमान, भाव, वजन, टक्केवारी हे शब्द स्वतःच एका आकड्याचं नाव आहेत. अशा नावापुढे इंग्रजी 'किती' विचारत नाही, 'काय' विचारते. 'हाऊ मच इज द प्राइस' ऐकायला मिळतं, पण नीटनेटकं नाही. 'हाऊ मच इज इट' किंवा 'व्हॉट इज द प्राइस', दोन्हींतलं एक निवडा.

उलट काही ठिकाणी इंग्रजी 'हाऊ'ला गुण जोडून विचारते. मणी केवढे? 'हाऊ बिग आर द बेरीज?' उत्तर मिलिमीटरमध्ये येईल: सोळा, अठरा. किती लांब? 'हाऊ फार?' किती दिवस लागतील? 'हाऊ लाँग विल इट टेक?' 'हाऊ मच टाइम'ही चालतं, पण 'हाऊ लाँग' जास्त सहज. आणि एका कान्याचा फरक सांभाळा: "किती वेळ" म्हणजे 'हाऊ लाँग', "किती वेळा" म्हणजे 'हाऊ ऑफन' किंवा 'हाऊ मेनी टाइम्स'. 'हाऊ लाँग डू यू चेक द टेम्परेचर?' असं विचारलंत तर समोरचा विचार करत बसेल की तापमान बघायला वेळ तो कितीसा लागणार.

"किती वाजले?" हा अजून एक. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे सरकतात, आणि नेदरलँड्स आपल्या साडेचार तास मागे होतं ते साडेतीन तास मागे होतं. तुमचा सीझन नेमका तेव्हा भरात असतो. तेव्हा बिनधास्त विचारा, 'व्हॉट टाइम इज इट देअर?' आणि "तिकडे किती वाजले आहेत ते सांगता?" असं म्हणायचं असेल तर 'कॅन यू टेल मी व्हॉट टाइम इट इज देअर?' 'ते' आला, 'इट इज' सरळ झालं. एव्हाना सवय झाली असेल.

'कसा' थोडा फसवा आहे. "माल कसा आहे?" – 'हाऊ आर द ग्रेप्स?' ठीक आहे. ते उत्तर देतील, 'गुड.' तपशील हवा असेल तर 'व्हॉट इज द क्वालिटी लाइक?' लक्षात घ्या, 'लाइक' आला की 'व्हॉट'. 'हाऊ इज इट लाइक' आणि 'हाऊ डज इट लुक लाइक' या दोन्ही वाक्यांत दोन तऱ्हा एकत्र शिजल्या आहेत. 'हाऊ डज इट लुक?' म्हणा किंवा 'व्हॉट डज इट लुक लाइक?' म्हणा. तसंच, "तुम्हाला कसं वाटतं?" चं 'हाऊ डू यू थिंक?' करू नका, 'व्हॉट डू यू थिंक?' करा. 'हाऊ डू यू थिंक' म्हणजे तुमचा मेंदू कसा चालतो, अशी चौकशी होते. आणि एका ठिकाणी मराठी माणूस आपोआप बरोबर बोलतो: "याला इंग्रजीत काय म्हणतात?" – 'व्हॉट डू यू कॉल धिस इन इंग्लिश?' फ्रेंच आणि जर्मन लोक आपल्या भाषेच्या सवयीने इथे 'हाऊ' घालतात. तुमच्या खरेदीदारांपैकी कोणी घातला तर मनातल्या मनात खूश व्हायला हरकत नाही.

"कोण कोण येणार?" चं 'हू ऑल आर कमिंग?' आणि "काय काय पाठवलं?" चं 'व्हॉट ऑल डिड यू सेंड?' हे भारतात सर्रास चालतं. परदेशी माणसाला समजेल, पण भुवई उंचावेल. 'हू इज कमिंग?' आणि 'व्हॉट डिड यू सेंड?' एवढं पुरतं.

क्लासचं म्हणाल, तर फी भरायची घाई करू नका. ऑक्टोबर छाटणी झाली की पहिला कंटेनर भरेपर्यंत तुमच्याकडे मोकळा वेळ असतो. त्या वेळात मागच्या सीझनची कॉल डायरी काढा आणि खरोखर लागलेले प्रश्न मराठीत लिहून काढा, अगदी बोलता तसे. कागदांचे, रेसिड्यू रिपोर्टचे (द्राक्षांत फवारणीच्या औषधाचा अंश किती उरला त्याचा अहवाल), जहाजाच्या तारखेचे, पैशांचे. मला वाटतं पन्नासच्या वर जाणार नाहीत. धंद्यातले प्रश्न फिरून फिरून तेच असतात. प्रत्येकाच्या पुढे खूण करा: एकटा 'क', 'ते' बसतो, की 'ज'. मग इंग्रजी करा आणि मोठ्याने म्हणा. आवाजाचा चढउतारही तेव्हाच जमवा: 'डिड यू गेट इट?' चा शेवट वर चढतो, पण 'व्हेन डिड यू गेट इट?' चा शेवट खाली उतरतो. आपण दोन्हीकडे वर नेतो आणि समोरच्याला आपण चिडलोय किंवा घाबरलोय असं वाटतं. आवाजासाठी एक चांगला सोबती हवा, बस. तो घरातच आहे.

मुलगा हसतो त्याचं फार मनावर घेऊ नका. राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तुमची पिढी त्याच्या जरा आधीची, आणि तुम्ही जेवढं इंग्रजी रोज पोटापाण्याला वापरता तेवढं त्याने अजून परीक्षेलाही वापरलेलं नाही. त्याला खरेदीदार करा आणि डायरीतले प्रश्न त्याला विचारा. तो चुका काढेल, काढू द्या, फुकटचा मास्तर आहे. मात्र एक प्रश्न त्याच्यासाठी राखून ठेवा: "हा कितवा कंटेनर?" याचं इंग्रजी कर म्हणावं. 'हाऊ मेनी'ने सुरुवात करेल, अडकेल, 'विच नंबर' म्हणेल, मग शाळेत बाईंना विचारेल. 'कितवा'ला इंग्रजीत सरळ शब्द नाही, त्यामुळे बाईही जरा थांबतील. तुम्हाला फोनवर गरज पडली तर विचारा, 'हाऊ मेनी कंटेनर्स हॅव गॉन बिफोर धिस वन?' चार म्हणाले तर हा पाचवा.